फ्लीट स्ट्रीटची फेरी

लंडनला निघण्यापूर्वी आमच्या सौ.ने पाहायच्या ठिकाणांची यादी केली होती. राजवाडा, मेणाचे पुतळे, टॉवर आणि त्यातला आपला कोहिनूर, असे रीतसर अनुक्रमांक घालून. माझ्या यादीत एकच नाव होते, फ्लीट स्ट्रीट.

"तिथे काय आहे एवढं?" सौ.ने विचारले.

"आता काही नाही," मी म्हणालो. "सगळी वर्तमानपत्रं केव्हाच उठून गेली."

"म्हणजे उठलेला बाजार बघायला सात हजार किलोमीटर जायचं!"

पण ज्याचा जन्म वर्तमानपत्रात गेला त्याला हा उठलेला बाजारसुद्धा पाहावासा वाटतो. १९७२ साली मी मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उमेदवार म्हणून लागलो तेव्हा आमचे जुने उपसंपादक कुणाची बातमी चुकली की म्हणत, "अरे, फ्लीट स्ट्रीटवर असतास तर उभा सोलला असता तुला!" ते स्वतः कल्याणच्या पलीकडे गेले नव्हते. तरी फ्लीट स्ट्रीट म्हणजे आमच्या धंद्याची काशी, आणि तिथे सगळे खरे आणि नेकीचे छापतात, अशी आमची समजूत. ती समजूत पुढे गळून पडली. २०११ सालच्या हिवाळ्यात मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो, आणि रोज दुपारी साडेतीनला, म्हणजे लंडनचे दहा वाजले की, मुलाच्या संगणकावर लंडनच्या एका कोर्टातल्या साक्षी ऐकत होतो. सौ. चहा आणून ठेवी आणि म्हणे, "लागलं का तुमचं कीर्तन?" त्या साक्षी ज्या खोलीत झाल्या ती खोली आणि ज्या रस्त्यामुळे झाल्या तो रस्ता डोळ्यांनी पाहावा, एवढीच इच्छा होती. ती २०२५ च्या जूनमध्ये पुरी झाली. पुतणी आणि तिचा नवरा लंडनात असतात. पुतणीने एक दिवसाची रजा काढली आणि आम्ही तिघे निघालो.

स्ट्रँड नावाच्या मोठ्या रस्त्यावर बसमधून उतरलो की डाव्या हाताला रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस दिसते. पांढऱ्या दगडाचे, टोकदार कमानींचे, मनोऱ्यांचे प्रचंड प्रकरण. १८८२ साली व्हिक्टोरिया राणीने त्याचे उद्घाटन केले. ज्या स्थापत्यकाराने ते बांधले त्याचे आडनावच स्ट्रीट; तो बिचारा उद्घाटनाच्या आदल्या वर्षी वारला. आमच्या मुंबईच्या हायकोर्टाची ही थोरली आतेबहीण शोभावी. समोरच्या बाजूला ट्वायनिंगचे चहाचे दुकान आहे, १७०६ पासूनचे. बोळाएवढे अरुंद. सौ.ने ते पाहिले मात्र, पुतणीला घेऊन ती आत शिरली. "तुम्ही तुमचं कोर्ट बघून या," असे तिने मला मोकळे केले. मला हवेच होते.

या इमारतीशी आपले एक जुने नाते आहे. १९१९ साली लोकमान्य टिळकांनी व्हॅलेंटाइन चिरोलवर लावलेला अब्रुनुकसानीचा खटला लंडनला चालला, तो किंग्ज बेंचच्या न्यायमूर्ती डार्लिंगपुढे. चिरोल हा 'टाइम्स'चा माणूस. त्याने हिंदुस्थानातल्या असंतोषावर लिहिलेल्या लेखांचे पुढे पुस्तक झाले आणि त्यात टिळकांवर नाही नाही ते आरोप होते. 'केसरी'चा संपादक सातासमुद्रांपलीकडे येऊन इंग्रजांच्या कोर्टात इंग्रजी बातमीदाराविरुद्ध न्याय मागतो, ही केवढी हिंमत! टिळक खटला हरले. खर्चाचा डोंगर अंगावर आला आणि इकडे महाराष्ट्रात लोकांनी त्यांच्यासाठी निधी जमवला. त्या दिवाणखान्यासारख्या अफाट सभागृहात उभा राहून वर पाहताना पुणेरी पगडी याच दगडी फरशीवरून गेली असेल, असे मनात आले. फोटो काढायला मनाई आहे. नाही तर काढलाही असता.

मी पहारेकऱ्याला विचारले, "कोर्ट नंबर ७३?" माणूस वयस्क होता. तो हसून म्हणाला, "लेव्हसन?" म्हणजे माझ्यासारखे खुळे आणखीही येत असावेत. जिने, वळणे, पुन्हा जिने करीत गेलो तर खोलीला कुलूप. त्या दिवशी तिथे काम नव्हते. दाराच्या काचेतून आत डोकावलो. साधी बाकडी आणि टेबले. पण संगणकावर सात महिने पाहिलेली ती खोली माझ्या डोळ्यांपुढे होतीच. साक्षीदाराच्या पाठीमागे कायद्याच्या पुस्तकांची कपाटे, एका बाजूला रॉबर्ट जे हे शांत आवाजाचे वकील, आणि वर लॉर्ड जस्टिस लेव्हसन.

हे प्रकरण काय होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे रविवारचे इंग्रजी साप्ताहिक १८४३ साली निघाले, किंमत तीन पेन्स. खून, लफडी, पाद्र्यांच्या भानगडी हा त्याचा मुख्य माल. १९५० च्या सुमारास त्याचा खप ऐंशी लाखांवर गेला होता. १९६९ साली ते रूपर्ट मर्डॉक यांच्याकडे आले. पुढे मोबाइल टेलिफोन आले आणि त्याबरोबर व्हॉइसमेल. फोन उचलला नाही तर निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवायचा आणि मालकाने तो नंतर ऐकायचा. हे निरोप दुसऱ्या फोनवरूनही ऐकता येत, चार आकडी खुणेचा नंबर दाबला की झाले. कंपनीने सगळ्यांना सुरुवातीला ठरावीक सोपे आकडे दिलेले असत आणि बहुतेक लोक ते बदलतच नसत. या पठ्ठ्यांनी युक्ती काढली. एकाने फोन लावून लाइन अडवून धरायची, तेवढ्यात दुसऱ्याने फोन लावायचा, तो आपोआप निरोपांच्या पेटीत जायचा, आणि चार आकडे दाबले की दुसऱ्याच्या घरातले बोलणे कानात. आमच्या चाळीत एक गृहस्थ शेजाऱ्यांची पाकिटे किटलीच्या वाफेवर उघडून वाचायचे आणि पुन्हा चिकटवायचे. त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की आमचे गृहस्थ वाचलेले छापत नसत.

२००५ साली राजपुत्र विल्यमच्या गुडघ्याच्या दुखण्याची बारीकशी बातमी छापून आली. ती बाहेर फुटायला वावच नव्हता, म्हणून राजवाड्यातल्यांना संशय आला. २००७ मध्ये त्या पत्राचा राजघराण्याचा वार्ताहर आणि एक खासगी गुप्तहेर तुरुंगात गेले. 'एकच नासका आंबा होता, तो काढला,' असे मालकांनी सांगितले. हेराच्या घरी मात्र अकरा हजार पानांच्या टिपणवह्या सापडल्या होत्या! अकरा हजार पाने लिहिणारा माणूस एका आंब्यासाठी राबत नसतो, हे आमच्या प्रूफरीडरलाही कळले असते. वृत्तपत्रांनीच नेमलेल्या तक्रार आयोगाला २००९ सालीही त्यात विशेष काही आढळले नाही.

मग ४ जुलै २०११ ला 'गार्डियन'ने छापले की २००२ साली वॉल्टन-ऑन-थेम्स गावातून नाहीशी झालेल्या आणि पुढे खून झाल्याचे उघड झालेल्या तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या फोनमधले निरोपही या लोकांनी ऐकले होते. त्या मुलीचे नाव जगाला ठाऊक आहे. मी ते इथे लिहीत नाही. पुष्कळ छापून झाले आहे. राजपुत्र आणि नटनट्यांपर्यंत लोक हसत होते. या बातमीनंतर मात्र इंग्लंड पेटले. जाहिरातदार पळाले, आणि १० जुलैला, १६८ वर्षांचे ते पत्र आभार मानून आणि निरोप घेऊन बंद पडले. तीन दिवसांनी पंतप्रधान कॅमेरॉन यांनी लेव्हसन चौकशी जाहीर केली.

त्या मुलीच्या आईवडिलांची साक्ष २१ नोव्हेंबरला झाली. मी ती या कोर्टापासून सात हजार किलोमीटरवर, चहाचा कप हातात धरून ऐकली. आई सांगत होती: मुलीची निरोपांची पेटी भरून गेली होती, नवे निरोप घेतच नव्हती. आणि एक दिवस फोन लावला तर तिचा आवाज लागला. आईला वाटले, पोर जिवंत आहे, तिने निरोप ऐकले! ती नवऱ्याला ओरडून सांगत सुटली. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. मुलगी ज्या वाटेने घरी यायची त्या वाटेने नवराबायको कुणाला न सांगता चालून आले, आणि रविवारी त्या चालण्याचा फोटो छापून आला. हे कुणाला कसे कळले, याचा उलगडा त्यांना पुढे नऊ वर्षांनी झाला. माझा चहा निवला होता. सौ.ही दारात उभी राहून ऐकत होती. तिला इंग्रजी बेताचेच येते, पण ते समजले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. निरोप पत्राच्या माणसांनी पुसले म्हणून पेटी मोकळी झाली, असे 'गार्डियन'ने लिहिले होते. डिसेंबरात पोलिसांनी सांगितले की ते बहुधा ठरावीक तासांनंतर आपोआप पुसले गेले असावेत. 'गार्डियन'ला दुरुस्ती छापावी लागली. चोरून ऐकले हे मात्र खरेच होते. पण ज्या एका वाक्याने देश पेटला त्याच वाक्याखाली दुरुस्ती यावी, हे आमच्या धंद्याचे नशीब!

पुढे महिनोन्‌महिने माणसे येत राहिली. हॅरी पॉटरच्या लेखिका राउलिंग यांनी सांगितले की त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीच्या शाळेच्या दप्तरात एका बातमीदाराची चिठ्ठी निघाली. ब्रिस्टलचे एक निवृत्त इंग्रजीचे शिक्षक आले. त्यांच्या भाडेकरणीचा खून झाला तेव्हा पोलिसांनी त्यांना संशयावरून धरले आणि मग सोडले. दरम्यान त्यांचे विस्कटलेले केस, एकटे राहणे, कविता आवडणे यांवरून पत्रांनी त्यांना खुनी ठरवून टाकले होते. खुनी दुसराच निघाला. आठ पत्रांना भरपाई द्यावी लागली. मर्डॉक आले, माजी पंतप्रधान आले, चालू पंतप्रधानही आले. ह्यू ग्रँट हा नट आला. त्याने तर त्याआधीच चोरावर मोर होऊन डोव्हरजवळ पब चालवणाऱ्या एका माजी बातमीदाराचे बोलणे गुपचूप टेप करून छापले होते! एकूण ३३७ साक्षीदार प्रत्यक्ष येऊन गेले. लेव्हसनसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारले होते की राखणदाराची राखण कुणी करायची? आपल्याकडे कुंपण शेत खाते म्हणतात तोच सवाल.

कोर्टातून बाहेर आलो तो सौ. दोन पिशव्या घेऊन फुटपाथवर उभी. "झालं दर्शन?" "कुलूप होतं." "चला, पैसे वाचले." तिथे तिकीट नसते हे मी सांगितले नाही.

रस्त्याच्या मधोमध खांबावर पंख असलेला एक काळा ड्रॅगन उभा आहे. तिथे स्ट्रँड संपतो आणि फ्लीट स्ट्रीट लागतो. फ्लीट ही खरी नदी. आता ती गटार होऊन जमिनीखालून वाहते. १५०० च्या सुमारास विंकिन द वर्ड नावाच्या मुद्रकाने आपला छापखाना इथे हलवला आणि १७०२ साली पहिले इंग्रजी दैनिक 'डेली कूरंट' याच रस्त्याच्या टोकाला निघाले. त्यानंतर पावणेतीनशे वर्षे रात्री या रस्त्याखाली यंत्रे धडधडत. जानेवारी १९८६ मध्ये मर्डॉक यांनी एका रात्रीत आपली पत्रे वॉपिंगच्या गोदीजवळ तारांच्या कुंपणात नेली आणि संपावर गेलेल्या साडेपाच हजार छपाई कामगारांना काढून टाकले. मग एकेक करून सगळेच उठले. शेवटची फळी डंडीच्या 'संडे पोस्ट'ची. त्यांचे दोन बातमीदार २०१६ साली गेले. त्यांच्या पत्रांची नावे मात्र सेंट डन्स्टनच्या देवळाशेजारच्या भिंतीवर अजून ठळक अक्षरांत आहेत. 'डेली एक्स्प्रेस'ची काळ्या काचेची १९३२ ची इमारत आहे, 'टेलिग्राफ'चे खांब आणि घड्याळ आहे. आत वर्तमानपत्र नाही. रस्त्याला सँडविचची आणि कॉफीची दुकाने.

गंमत अशी की दक्षिणेच्या बाजूला सॉल्सबरी स्क्वेअरपाशी मोठे बांधकाम चालले होते. पुतणीने फलक वाचून सांगितले, "काका, इथे नवीन कोर्ट आणि पोलिसांचं मुख्यालय होणार आहे." बातमीदारांच्या रस्त्यावर कोर्ट आणि पोलीस! आणि फेटर लेनच्या गल्लीत दुसरे कोर्ट, रोल्स बिल्डिंग, आहेच. तिथे २०२३ च्या जूनमध्ये राजपुत्र हॅरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. राजघराण्यातला एवढा मोठा माणूस साक्षीला येण्याचा प्रसंग १८९१ नंतर हाच. 'मिरर'कडून त्याला १ लाख ४० हजार ६०० पौंड मिळाले. २०२५ च्या जानेवारीत मर्डॉक यांच्या कंपनीने त्याची माफी मागून तडजोड केली.

बूव्हरी स्ट्रीटला आम्ही वळलो. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चे जुने बिऱ्हाड याच गल्लीत होते. तिथून मॅगपाय ॲली नावाचा बोळ निघतो आणि त्याच्या भिंतीवर पांढऱ्या फरशांवर छपाईचा सगळा इतिहास चित्रांत काढला आहे. खिळे जुळवणारे, दाबयंत्रे, शाईने माखलेली पोरे. सौ. दमून एका कठड्यावर बसली. मी एकेक फरशी पाहत होतो. आणि जी गोष्ट मी पन्नास वर्षे कुणाला सांगितली नाही, सौ.लाही नाही, ती त्या बोळात पुढे येऊन उभी राहिली.

१९७३ चा पावसाळा. परळला पाणी तुंबले आणि नऊ वर्षांचा एक मुलगा उघड्या गटारात वाहून गेला. मुख्य बातमीदाराने मला पाठवले आणि सांगितले, "फोटोशिवाय परत येऊ नकोस." चाळीतल्या त्या खोलीत आजी एकटीच होती, बाकी सगळे इस्पितळात. वर्तमानपत्रातून आलो म्हटले तर ती फोटो देणार नाही, असे वाटले. मी म्हणालो, "आजी, मी शाळेतून आलोय." तिने भिंतीवरची तसबीर काढली. दिवाळीचे नवे कपडे, हातात आकाशकंदील. तिने ती पदराने पुसली आणि दिली. "लवकर आणून द्या हं मास्तर. एवढाच आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो आला. मला शाबासकी मिळाली. मूळ फोटो ब्लॉक करायच्या खात्यात गेला तो गेला. पुन्हा सापडला नाही. त्या मुलाची आई दोनदा कचेरीत आली. पहिल्या खेपेला मी 'उद्या देतो' म्हणालो. दुसऱ्या खेपेला ती जिना चढताना मला दिसली आणि मी मागच्या जिन्याने उतरून गेलो. ती तिसऱ्यांदा आली नाही.

तिथे कुणाचा फोन चोरून ऐकला नव्हता. कायदाही मोडला नसेल. पण २०११ साली ती आई कोर्ट नंबर ७३ मध्ये बोलत होती तेव्हा माझा चहा का निवला, ते आता सौ.ला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाव आठवतं का त्याचं?" आठवत होते. मी सांगितले. पुतणी लांब उभी राहून फरशा वाचायचे सोंग करीत होती.

लेव्हसन अहवाल २९ नोव्हेंबर २०१२ ला आला. जवळजवळ दोन हजार पाने, चार खंड. म्हणणे असे की वृत्तपत्रांनी स्वतःवर स्वतंत्र नियंत्रण बसवावे आणि ते खरोखर स्वतंत्र आहे की नाही हे कायद्याने तपासावे. कॅमेरॉन यांनी त्याच दुपारी कायद्याला नकार दिला. मग २०१३ साली राजसनद निघाली, पण बहुतेक मोठ्या पत्रांनी ती मानली नाही आणि २०१४ साली आपली वेगळी संस्था काढली. नियंत्रण न मानणाऱ्या पत्रांवर खटल्याच्या खर्चाचा बोजा टाकणारे कलम कायद्यात घातले होते, ते कधी लागूच झाले नाही. २०२४ साली काढूनच टाकले. चौकशीचा दुसरा भाग, म्हणजे पोलीस आणि पत्रे यांचे साटेलोटे नेमके किती होते तो, राहिलाच होता. २०१८ साली सरकारने तो रद्द केला. ज्या घरांनी पहिल्या भागात आपले दुःख चव्हाट्यावर सांगितले ते दुसऱ्याच्या आशेवर. माझ्या मते ही फसवणूक झाली.

पण सरकारच्या हाती दोरी द्यावी का, म्हणाल तर माझा हात आखडतो. स्वतंत्र भारताचा पहिला प्रेस कमिशन १९५२ ते १९५४ या काळात आपल्याच न्या. जी. एस. राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली बसला. त्यांनी सुचवलेली प्रेस कौन्सिल १९६६ साली सुरू झाली आणि आणीबाणीत सरकारने ती मोडीत काढली. जून १९७५ नंतर रोज संध्याकाळी आमची पाने सेन्सॉरकडे जात. परत येत तेव्हा त्यांवर फुल्या असत, आणि त्या फुल्यांमध्ये एकही फुली खोट्या बातमीवर नसे. हे ज्याने पाहिले आहे त्याला लंडनच्या संपादकांची भीती सगळीच ढोंगी वाटत नाही. त्यांनी ती भीती ढालीसारखी वापरली, हेही तितकेच खरे. मला याचा निकाल लावता आलेला नाही.

शेवटी सेंट ब्राइड्सच्या देवळात गेलो. हे पत्रकारांचे देऊळ. रेन या प्रसिद्ध स्थापत्यकाराने बांधलेला त्याचा मजल्यांवर मजले रचलेला मनोरा पाहून जवळच्या एका बेकरीवाल्याने लग्नाचा केक तसा केला, आणि तेव्हापासून इंग्रजांचा केक मजल्यांचा झाला, असे सांगतात. १९४० साली बाँब पडून देऊळ जळाले, १९५७ साली पुन्हा उभे राहिले. आत डावीकडे एक कोपरा आहे. कामावर असताना मारल्या गेलेल्या बातमीदारांची नावे आणि फोटो तिथे मांडलेले असतात. ती माणसे युद्धात, दंगलीत मेलेली. आमच्याच धंद्यातली. सौ.ने पर्समधून नाणे काढून पेटीत टाकले आणि एक मेणबत्ती लावली. कुणासाठी, ते मी विचारले नाही.

परतीच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. सीटवर सकाळचे फुकट वाटले जाणारे वर्तमानपत्र कुणी टाकून गेले होते. सौ.ने ते उचलले. तिसऱ्या पानावर कुणा नटीचा, लांबून काढलेला, जरा अंधुक फोटो होता. समुद्रकिनाऱ्यावर ती कुणाशी तरी भांडत असावी.

"अहो, काय लिहिलंय वाचा ना. मला बारीक दिसत नाही."

मी वाचून दाखवले.

"पुढे?"

"पुढचं पान सातवर आहे."

"मग काढा की सात."

मी पान सात काढले.